सोयरिकीपायी हार्टचा पेशंट

सगळ्यात आधी सांगून टाकतो, माझं हृदय ठणठणीत आहे. छातीला गार जेल चोपडून, वायरी चिकटवून, त्या काढताना केस उपटून हे वारंवार सिद्ध झालेलं आहे. तरीही पाचोडपासून वैजापूरपर्यंतच्या पाहुण्यारावळ्यांत मी कित्येक महिने हार्टचा पेशंट होतो. मला झालेला आजार वेगळाच होता. डॉक्टर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. मी त्याला धडधाकट माणसाला येणारी मरणाची भीती म्हणतो.

हा आजार कुणाच्या घरात पित्त, बीपी, गॅस किंवा नजर लागणं अशा नावांनी राहत असेल, तर त्या घरासाठी हे लिहितोय. यातलं डॉक्टरी ज्ञान मला विचारू नका. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. ज्वालामुखी कसा होतो ते सांगेन, छातीत का होतो ते मॅडम सांगतील. मॅडम पुढे येतीलच.

*

सुरुवात शहराबाहेर बीड बायपासवरच्या एका मंगल कार्यालयात झाली. लग्न दुसऱ्याचं होतं. हातात ताट घेऊन मी पंगतीऐवजी हल्ली जी रांग असते त्या रांगेत उभा होतो. पुढचा माणूस वांग्याच्या भाजीतलं नेमकं एकच वांगं शोधत होता. आणि अचानक छातीत धडधड सुरू झाली. हातापायांना मुंग्या, घशाला कोरड, सगळे आवाज लांबून यायला लागले. मला स्पष्ट कळलं की आपण चाललो. वाईट याचं वाटलं की जातोय तेही दुसऱ्याच्या लग्नात, न जेवता.

सुनीतानं, म्हणजे बायकोनं, मला रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलं. ईसीजीचा कागद काढला. नॉर्मल. रक्त तपासलं. नॉर्मल. तासाभरात मीही नॉर्मल. घरी येऊन मी पिठलं-भाकरी खाल्ली आणि झोपलो.

पुढच्या आठवड्यात तेच शाळेच्या स्टाफरूममध्ये झालं, मग बँकेच्या लिफ्टमध्ये. दर वेळी मरण आणि दर वेळी कागद नॉर्मल. वायरी लावणारा पोरगा मला ओळखायला लागला. "या सर, शर्ट काढा," असं तो केशकर्तनालयात म्हणतात तसं म्हणायचा.

शेवटी रात्रपाळी संपवून निघालेली एक तरुण डॉक्टर थांबली. तिनं खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, "काका, तुमचं हृदय चांगलं आहे. पण तुम्हाला काही झालेलंच नाही असं मी म्हणत नाहीये. तुम्हाला होतंय ते खरं आहे. त्याचा डॉक्टर वेगळा आहे." आणि तिनं मानसोपचारतज्ज्ञांचं नाव सांगितलं.

तोवर सगळे मला "टेन्शन घेऊ नका" एवढंच म्हणत होते. जसं काही मी ते दुकानातून मागवून घेत होतो. तुम्हाला होतंय ते खरं आहे, हे पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं. मला तिथंच रडू आलं. सुनीताला वाटलं, फार मोठा रोग निघाला.

*

आता घरातली परिस्थिती सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचा घोटाळा कळणार नाही. आमची एकुलती एक मुलगी ऋतुजा. तिची सोयरीक वैजापूरच्या घराण्यात ठरलेली. टिळा झालेला, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. आणि आमच्या घरातल्या सगळ्या सोयरिकी, जमिनी आणि भांडणं ज्यांच्या शब्दावर चालतात ते माझे थोरले बंधू आण्णा पाचोडला असतात. त्यांची मोसंबीची बाग आहे. बातमी कळताच आण्णा पहिल्या गाडीनं आमच्या उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटवर हजर झाले.

"कोन्या डॉक्टरकडं जायचं म्हणला?"

"मानसोपचार."

आण्णांनी उठून आधी खिडकी लावून घेतली. "म्हंजी येड्याचा डॉक्टर? आरं, पोरीचं लगीन तोंडावर हाय अन् तू हे काय करू राह्यला? वैजापूरवाल्याईला कळलं तं सोयरीक ऱ्हाईल का?"

"पण आण्णा, मला त्रास होतोय."

"त्रास हाय तं विलाज कर. मी नाय म्हनत नाय. पन लोकाला काय सांगायचं ते मी ठरवतो." आण्णांनी थोडा विचार केला. "हार्ट सांगू."

"हार्ट?"

"इज्जतदार रोग हाय. मोठमोठ्या मान्साला व्हतो. पुढाऱ्याला व्हतो. हार्टचा मानूस कष्टाळू असतो, लोकाला दया येती. येड्याची कोनाला दया येती?"

यात माझ्याबद्दलची माया होती हे मला तेव्हाही कळत होतं. पण दोन शब्दांच्या आजारावर त्यांनी एका शब्दाचा उपाय काढला आणि आम्ही सगळ्यांनी तो मुकाट्यानं घेतला. मीही.

*

आपल्याकडं आजारी माणसाला बघायला यायची पद्धत आहे. हार्टच्या माणसाला तर रांग लागते. पोतंभर मोसंबी घेऊन पाचोडचे भाऊबंद आले. येतानाच ते चेहरा मयतीचा करून यायचे आणि माझ्याकडं न बघता सुनीताला विचारायचे, "कितीक ब्लॉक हायेत?"

सुनीता पहिल्यांदा गडबडली आणि "बी ब्लॉक" म्हणाली. आमची बिल्डिंग बी ब्लॉकमध्ये आहे. पाहुण्यांनी मान हलवली. बी म्हणजे ए पेक्षा बरा असावा, असा काहीतरी त्यांनी अर्थ लावला.

हार्टचा पेशंट म्हणून माझं मीठ बंद झालं. तेल बंद. ठेचा तर नजरेसमोरही येईना. पाहुणे असले की, अगदी वैजापूरचे व्याही येऊन गेले तेव्हाही, मला दुधी भोपळा आणि त्यांना शेवेची रस्सा भाजी. मी भूगोलाच्या बाहेर काही बोलायला लागलो की बघायला आलेल्या माझ्या आत्याबाई म्हणायच्या, "बोलू नको बाबा, जोर पडतो." माझ्या आजाराला जेवणाचं कसलंच पथ्य नव्हतं. भीतीच्या आजारात मी जे काही वजन गमावलं ते दुधी भोपळ्यामुळे.

*

मानसोपचाराचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. त्याच मजल्यावर समोर दाताचा दवाखाना. याची सोय मला पहिल्याच दिवशी कळली. आमच्या डॉक्टरांचे निम्मे पेशंट दाताच्या बाकावर बसलेले असायचे, गालाला हात लावून. नाव पुकारलं की इकडंतिकडं बघून सटकन आत. मीही गालाला हात लावून बसलो. शेजारी बघतो तर आमच्याच शाळेचे पीटीचे मास्तर. त्यांचाही हात गालावर.

"दाढ?" मी विचारलं.

"दाढ," ते म्हणाले. "तुमची?"

"दाढच."

एवढ्यात दारातून आवाज आला, पीटी मास्तरांच्या नावाचा, आणि तोही आमच्याच दारातून. ते उठले, माझ्याकडं बघितलं आणि गालावरचा हात खाली घेतला. मीही घेतला. आम्ही दोघं एवढे हसलो की खऱ्या दाढवाल्यांना राग आला. त्या दिवशी मला जरा हलकं वाटलं.

डॉक्टरांनी गोळी दिली. लगेच गुण येणार नाही, थोडे आठवडे धीर धरा, सुरुवातीला मळमळेल, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका, असं बजावलं. मळमळ झाली. धीर निघाला नाही. पण गोळी चालू ठेवली, कारण सुनीता समोर उभी राहून ती गिळेपर्यंत हलायची नाही. तिनं पाकीट मेथ्यांच्या बरणीत लपवलं होतं. त्यामुळं गोळीला शेवटपर्यंत मेथीचा वास होता.

आणि डॉक्टरांनी शेजारच्या खोलीत शाहीन मॅडमकडं पाठवलं. त्या औषध देत नाहीत, बोलतात. मला वाटलं होतं त्या लहानपण विचारतील. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, खुर्ची गरगर फिरवली आणि विचारलं, "चक्कर आली? धडधडतंय? आता सांगा सर, मरताय का?"

"मॅडम, हे काय?"

"धडधडीला तुम्ही भ्यायला लागलात. भ्यायलात की अजून धडधडतं. मग अजून भिता. आपण मुद्दाम धडधड आणायची अन् पळून न जाता बघत बसायचं. चढते तशी उतरते."

"आणि नाही उतरली तर?"

"आजतक किसी की ऊपर नहीं अटकी, सर."

त्यांनी घरी करायला अभ्यास दिला. जिने पळत चढायचे. जागच्या जागी धावायचं. नंतर गर्दीत जायचं, आधी गुलमंडीचा गजबजलेला बाजार, मग लिफ्ट, मग लग्नाचा हॉल. आयुष्यभर पोरांना अभ्यास दिला, त्याचे भोग म्हणून मी तो घेतला.

*

आता अडचण बघा. औषध म्हणून मला जिने पळत चढायचे होते आणि साऱ्या बिल्डिंगला मी हार्टचा पेशंट म्हणून माहीत होतो.

पहिल्या दिवशी बूट घालून मी जिन्याशी आलो, दोन पायऱ्या उड्या मारत चढलो, आणि तळमजल्यावरचे सिद्दीकी चाचा दार उघडून ओरडले, "अरे मास्टरसाब! कायको जान दे रे तुम? रुको!" मी थांबलो. त्यांनी मुलाला हाक मारली, समोरच्या देशमुखांना हाक मारली, आणि प्लास्टिकची खुर्ची आणली.

"चाचा, मी चढतो ना."

"नक्को. बैठो. तुमकू कुछ हुआ तो भाभी को क्या मुँह दिखाना मैंने?"

मला खुर्चीवर बसवून तिघांनी चौथ्या मजल्यावर नेलं. वाटेत प्रत्येक मजल्याचं दार उघडलं. कुणी पाणी दिलं, एका वहिनींनी हात जोडले. वर पोचल्यावर सिद्दीकी चाचांना दम लागलेला, देशमुख भिंतीला टेकलेले, आणि माझी नाडी अगदी शांत. अभ्यास फुकट गेला.

दुसऱ्या दिवशी म्हटलं घरातच धावू. दार लावून हॉलमध्ये जागच्या जागी धावत होतो, गुडघे छातीपर्यंत, मॅडमनी सांगितलं तसं. आत्याबाई बघायला आल्या. कडी लावायची मी विसरलो होतो. त्यांनी मला तशा अवस्थेत बघितलं आणि "अगं माय, झटका आला गं!" म्हणून जी किंकाळी फोडली, तिनं चाचा पुन्हा खुर्ची घेऊन आले.

*

हे सगळं हसण्यासारखं होतं असं आता वाटतं. तेव्हा घरात हसू फारसं नव्हतं. मी घराजवळच्या क्रांती चौकाच्या पुढं एकटा जाऊ शकत नव्हतो. सुनीता मला स्कूटरवर मागं बसवून शाळेत सोडायची. वर्गात मी दाराजवळ उभा राहून शिकवायचो. खोटं सांभाळायचं काम तिच्यावरच पडलं होतं. कुणाला काय सांगितलं, कुणाला किती ब्लॉक सांगितले, सगळं तिनं लक्षात ठेवायचं. एक दिवस दुधी भोपळा किसता किसता तिनं किसणी आदळली.

"मला नाही होत आता. तुमची भीती मी सांभाळेन. पण आण्णांचं हार्ट माझ्याच्यानं सांभाळलं जात नाही."

ऋतुजा दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, लग्न पुढं ढकलायचं का?"

माझ्या लेकीला माझ्या आजाराच्या वेळापत्रकावर लग्न करावं लागणार, हे ऐकून मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी त्याच संध्याकाळी एकटा गुलमंडीवर गेलो. रंगारगल्लीच्या तोंडाशी धडधड सुरू झाली. मी एका बांगड्यांच्या दुकानासमोर उभा राहिलो आणि पळून गेलो नाही. दुकानदारीण विचारायची, "काय पाहिजे काका?" आणि मी म्हणायचो, "काही नाही, थांबलोय." बऱ्याच वेळानं धडधड खरंच उतरली. मी हिरव्या बांगड्या घेऊन घरी आलो. त्या सुनीताच्या मापाच्या नव्हत्या, पण तिनं त्या ठेवून घेतल्या.

त्यानंतर मी हळूहळू सुधारत गेलो. मागंही गेलो. एका रविवारी नुसत्या भाजी मंडईत घाबरून बसलो. मॅडम म्हणाल्या, होतं असं, उद्या परत जा. परत गेलो.

*

दिवाळी झाली आणि वैजापूरचे व्याही, गुलाबराव, लग्नाची बोलणी पक्की करायला आले. सोबत विहीणबाई. आण्णाही पाचोडहून आले. चहा झाला आणि गुलाबरावांनी अगदी मायेनं विषय काढला.

"मास्तर, एक बोलायचं व्हतं. राग मानू नका. कन्यादान करनाऱ्याला उपाशी ऱ्हावं लागतंय, दुपारपत्तुर. होमाचा धूर, गर्दी, तासन्तास बसनं. तुमचं हार्ट. आम्ही म्हनतो, कन्यादान आण्णाईनं करावं. तुम्ही पुढं खुर्चीवर बसा, फॅन लावून देऊ."

"बरूबर हाय," आण्णा लगेच म्हणाले. "मी करतो."

मी ऋतुजाकडं बघितलं. ती खाली बघत होती. इतके महिने गरगरणाऱ्या खुर्च्या, मेथीच्या गोळ्या आणि गुलमंडी मी ज्या एका जागेसाठी केली, ती जागा माझं नसलेलं हार्ट घेऊन चाललं होतं. मला आण्णांचा रागही आला आणि त्यांचं भ्यालेलं तोंड बघून कीवही आली.

"मला हार्ट नाही," मी म्हणालो.

आण्णांनी कप खाली ठेवला. "गप."

"मला घाबरण्याचा आजार आहे. अचानक भीती येते, छाती धडधडते, वाटतं आता गेलो. मानसोपचाराच्या डॉक्टरांची गोळी चालू आहे. आता पुष्कळ बरा आहे. आम्ही तुमच्याशी खोटं बोललो."

मग विहीणबाईंनी विचारलं, "मंग त्या दिवशी आमच्यासंगं बिगरमिठाची भाजी खाल्ली ती?"

"तीही खोटीच."

"पुरी वाटीभर खाल्ली तुम्ही!" त्यांना याचंच जास्त नवल वाटलं.

गुलाबराव मात्र हसले नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, "हे पोरीला व्हतं का?"

ऋतुजाच बोलली. "मला अजून तरी नाही झालं. झालं तर डॉक्टरकडं जाईन. लपवणार नाही."

गुलाबराव उठले. "इचार करून सांगतो," म्हणाले. आण्णांनी चप्पल घातली. जाताना मला एवढंच म्हणाले, "वाटुळं करून बसला तू पोरीचं." आणि पाचोडला निघून गेले.

ते दिवस कसे काढले ते सांगत नाही. आम्ही तिघं एकमेकांना जेवा म्हणत होतो आणि कुणीच जेवत नव्हतं. अचानक येणाऱ्या भीतीत आणि खऱ्या काळजीत फरक असतो, हे मला तेव्हा कळलं. काळजीवर गोळी नाही.

मग गुलाबरावांचा फोन आला. नंतर कळलं की ते कुणाकुणाला विचारून आले होते, एका डॉक्टरलाही. शिवाय नवऱ्या मुलानं, सोयरीक मोडली तर मी दुसरीकडं उभा राहणार नाही, असं सांगितलं होतं म्हणे. हे सगळं न सांगता ते फोनवर एवढंच म्हणाले, "मास्तर, उपास तुम्हीच धरा."

*

लग्न बीड बायपासवरच होतं. आण्णा आले, पण माझ्याशी बोलले नाहीत. मी आणि सुनीता उपाशीपोटी पाटावर बसलो. होमाचा धूर डोळ्यांत गेला, मागून माणसांची भिंत, आणि कन्यादानाच्या मंत्रांच्या मध्यावर ती आलीच. हातांना मुंग्या, छातीत ढोल. माझ्या मनात आलं, दाराकडं जावं. दार फार लांब होतं आणि लेक फार जवळ होती. मी बसून राहिलो. ऋतुजाचा हात माझ्या हातात दिला गेला तेव्हा तिला माझी थरथर लागली असणार. तिनं हात सोडला नाही. धडधड चढली, आणि त्यातच मी जावयाच्या हातात तिचा हात दिला. उतरली कधी ते कळलं नाही.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी मात्र माझा बांध फुटला. गाडीशी ऋतुजा गळ्यात पडली आणि मी लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागलो, श्वास पुरेना इतका. झालं. पाचोडची अर्धी मंडळी धावली. त्यांना अजून कुणी काही सांगितलंच नव्हतं. कुणी छाती चोळायला लागलं, कुणी ओरडलं "गाडी काढा, दवाखाना!", एका पाहुण्यानं खिशातून जिभेखाली ठेवायची गोळी काढून माझा जबडा धरला.

त्या सगळ्यांना बाजूला ढकलत आण्णा पुढं आले. पाहुण्याच्या हातावर फटका मारला, गोळी उडून मातीत पडली. आणि बायपासवरच्या गाड्यांनासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात आण्णा ओरडले, "हटा! हार्टबिर्ट काय नाय त्याला! मीच खोटं सांगितलं व्हतं समद्याला! लेक चाल्लीय त्याची, रडू द्या त्याला!"

सगळे मागं सरकले. मग मी पोटभर रडलो, आणि आण्णा माझ्या शेजारी उभे राहून रडले.